मोठी मूळ संख्या ओळखायची कशी? २१४७४८३६४७ सोबतचे पहिले धडे

एखादी मोठी संख्या मूळ आहे असं कळलं की बहुतेक जण तिथेच थांबतात. १ आणि स्वतः सोडून हिला कोणी भागत नाही, संपलं. पण खरी गंमत त्यानंतर सुरू होते. मूळ संख्येला स्वतःचे अवयव नसतात हे खरं, पण तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्येला असतात, आणि तिचा सगळा स्वभाव त्या दोघींच्या अवयवांत असतो. नवशिक्यांसाठी हा लेख लिहिताना मला हेच दाखवायचं आहे: मूळ संख्या समजून घ्यायची असेल तर तिच्यातून १ वजा करा, तिच्यात १ मिळवा, आणि काय येतं ते फोडून बघा.

त्यासाठी २१४७४८३६४७ ही संख्या घेऊ. दहाच अंक आहेत, त्यामुळे प्रत्येक दावा तुम्ही स्वतः तपासू शकता. आणि सगळ्या विभाजकांनी भागून बघताना कंटाळा येईल इतकी ती मोठीही आहे. लेखात पुढे हिला "म" म्हणू. घातासाठी ^ ही खूण वापरतो, म्हणजे २^५ = ३२.

हाताशी कागद-पेन आणि मोठे पूर्णांक एकही अंक न गमावता हाताळणारं काहीतरी हवं. फोनमधलं साधं कॅल्क्युलेटर बऱ्याचदा पंधरा-सोळा अंकांनंतर जवळपासचं, अंदाजे उत्तर देतं, आणि इथे शेवटचा अंक चुकला की सगळंच चुकलं. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा उत्तम. त्यातलं "पॉव" (pow) हे फंक्शन पाया, घातांक आणि भाजक अशा तीन संख्या घेतं आणि थेट बाकी देतं. पुढची बहुतेक कामं तेवढ्यावर होतात.

पायरी १: आधी संख्येकडे नीट बघा

२ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. असं वाचलं तर काहीच कळत नाही. पण २ ची दुप्पट करत जा: २^१० = १०२४, २^२० = १०४८५७६, २^३० = १०७३७४१८२४, २^३१ = २१४७४८३६४८. आपली संख्या याच्यापेक्षा बरोबर एकाने कमी आहे, म्हणजे म = २^३१ − १. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली तर सलग एकतीस वेळा १.

म्हणजे पलीकडची शेजारीण फोडून झालीसुद्धा: म + १ मध्ये २ सोडून दुसरा अवयवच नाही. अशा, २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. म ही त्यांतली आठवी. मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने १६४४ मध्ये जी घातांकांची यादी दिली तीत ३१ होता. त्या यादीतले ६७ आणि २५७ पुढे चुकीचे निघाले आणि ६१, ८९, १०७ त्याच्याकडून राहून गेले, पण ३१ बरोबर होता.

संगणकवाल्यांना ही संख्या वेगळ्या कारणाने पाठ असते. ३२ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांच्या) चिन्हासहित पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणारी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी या आकड्यावर पोचतील आणि पुढच्या सेकंदाला त्यांची जागा संपेल. मूळ असण्याशी याचा संबंध नाही, पण ओळख पटायला उपयोगी आहे.

पायरी २: छोट्या भाजकांनी भागा, आणि बाकी लिहून ठेवा

शाळेतल्या कसोट्या इथेही चालतात. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ ने भाग जात नाही. इथपर्यंत सगळे जण करतात. माझा आग्रह असा की "भाग जात नाही" एवढं लिहून पुढे जाऊ नका, बाकी किती उरली तेही लिहा.

३ ने भागल्यावर बाकी १. ९ नेही १, कारण ४६ ला ९ ने भागल्यावर १ उरतो. ७ साठी लांबलचक भागाकार नको. २^३ = ८, म्हणजे ७ ने भागल्यावर बाकी १. म्हणून २^३० ची बाकीही १, २^३१ ची २, आणि म ची १. ११ साठी २^१० = १०२४ ची बाकी १, म्हणून पुन्हा म ची बाकी १. ३१ साठी २^५ = ३२ ची बाकी १, आणि परत तेच. ५ ची बाकी मात्र २ आणि १३ ची १०.

३, ९, ७, ११, ३१ या सगळ्यांनी भागल्यावर १ उरतो, याचा अर्थ हे सगळे म − १ ला भागतात. आपण म चे विभाजक शोधत होतो आणि अलीकडच्या शेजारणीचे अवयव हाती लागले. ते सहाव्या पायरीला लागणार आहेत, जपून ठेवा.

पायरी ३: ऑयलरची छाटणी

म ला विभाजक असेल तर त्यातला निदान एक तिच्या वर्गमुळापेक्षा लहान असणार. ४६३४० चा वर्ग म पेक्षा लहान आणि ४६३४१ चा मोठा, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की काम झालं. अशा मूळ संख्या ४७९२ आहेत. संगणकाला हे काहीच नाही, माणसाला फार आहे.

ऑयलर या स्विस गणितज्ञाने म मूळ असल्याचं १७७२ मध्ये सिद्ध केलं, तेही दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली असताना. सगळे भागाकार न करता निभावलं कसं, ते बघण्यासारखं आहे. या पायरीवर घाई करू नका.

समजा क ही मूळ संख्या म ला भागते. मग २^३१ ला क ने भागल्यावर बाकी १ येते. २ चे घात घेत गेल्यावर बाकी पहिल्यांदा १ ज्या घाताला येते, तो घातांक ३१ चा विभाजक असायला हवा. ३१ मूळ आहे, म्हणून तो १ किंवा ३१. तो १ असू शकत नाही, कारण मग २ ला क ने भागून १ उरायला हवा. राहिला ३१. आता फर्माचा सिद्धांत सांगतो की २^(क−१) ची बाकीही १ असते, म्हणून ३१ ने क − १ ला भाग जायलाच हवा. क विषम आहे, म्हणून क − १ सम. दोन्ही मिळून: क ही ६२ च्या पटीपेक्षा एकाने मोठी.

दुसरी छाटणी याहून देखणी आहे. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. पण २^३२ हा २^१६ चा वर्ग आहे. म्हणजे क च्या बाक्यांच्या जगात (जिथे क ने भागून सारखीच बाकी देणाऱ्या संख्या एकच मानायच्या) २ हा एका संख्येचा पूर्ण वर्ग आहे. असं फक्त तेव्हाच होतं जेव्हा क ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतो.

दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च असली पाहिजे. ४६३४० पर्यंत असे फक्त ३७३ उमेदवार उरतात, आणि त्यांतलेही बरेच संयुक्त असल्याने आपोआप गळतात. करून बघा: ६३ संयुक्त, २४९ = ३ × ८३, मग ३११, ही मूळ आहे. म ला ३११ ने भागा: भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. पुढे ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१ सगळ्या संयुक्त. त्यानंतर थेट १३०३, बाकी २२६. पहिल्या तेराशे संख्यांमध्ये दोनच भागाकार करावे लागले.

ही युक्ती अंगवळणी पडायला २^२९ − १ = ५३६८७०९११ वर करून बघा. इथे विभाजक ५८ च्या पटीपेक्षा एकाने मोठे हवेत. ५९ आणि ११७ आठच्या अटीत बसत नाहीत, १७५ संयुक्त आहे, चौथा उमेदवार २३३, आणि त्याने भाग जातो! पूर्ण फोड २३३ × ११०३ × २०८९. तिन्ही अवयव दोन्ही अटी पाळतात की नाही, हे स्वतः तपासा.

पायरी ४: फर्माची चाचणी, आणि तिथला सापळा

अंक शेकड्यांनी असले की भागाकार विसरायचा आणि वेगळी चाचणी लावायची. फर्माचा सिद्धांत सांगतो की क मूळ असेल आणि अ ला क ने भाग जात नसेल, तर अ^(क−१) ची बाकी १ च येते. १ आली नाही, तर संख्या नक्की संयुक्त. १ आली, तर बहुधा मूळ. "बहुधा" वर जोर द्या, कारण ३४१ = ११ × ३१ ही संयुक्त असूनही पाया २ (म्हणजे अ = २) घेतल्यावर चाचणी पास करते.

मर्सेन संख्यांच्या बाबतीत पाया २ घेणं तर पूर्ण निरुपयोगी आहे, आणि नवीन माणूस नेमका २ च घेतो. घातांक मूळ असला की २^घातांक − १ ही संख्या, संयुक्त असो वा मूळ, पाया २ ची चाचणी पास करणारच. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ बघा. २^११ ची बाकी १, आणि २०४६ ही ११ च्या पटीत आहे, म्हणून २^२०४६ ची बाकीही १. चाचणीतून नवं काहीच कळलं नाही. पाया ३ घ्या.

याहून भरवशाची म्हणजे मिलर-राबिन चाचणी. ती क − १ मधून २ चे सगळे अवयव बाहेर काढते, उरलेल्या विषम घातापासून सुरुवात करते आणि पुढे वर्ग करत जाते. सुरुवातीच्याच घाताला बाकी १ आली, किंवा वाटेत कुठेतरी −१ आली (म्हणजे क पेक्षा एकाने कमी), तर पास, नाहीतर नापास. आपल्या म साठी म − १ मध्ये २ एकदाच येतो, म्हणून एकच घात बघायचा: १०७३७४१८२३. आणि ३२१५०३१७५१ पेक्षा लहान कोणत्याही संख्येला २, ३, ५, ७ हे चार पाये लावले की उत्तर "बहुधा" राहत नाही, पक्कं होतं. म या मर्यादेच्या आत आहे.

पायरी ५: पलीकडच्या शेजारणीकडून पुरावा

आता माझी सर्वांत आवडती पायरी. मर्सेन संख्यांसाठी ल्यूका आणि लेमर यांच्या नावाची चाचणी आहे. ल्यूकाने ती एकोणिसाव्या शतकात मांडली आणि लेमरने १९३० च्या दशकात तिला आजचं रूप दिलं. कृती दोन ओळींची: ४ पासून सुरू करा. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, म ने भागून बाकी ठेवा. २^न − १ साठी हे न − २ वेळा करायचं. शेवटी ० आला तर मूळ, नाहीतर संयुक्त. इथे "बहुधा" नाही.

आधी ३१ = २^५ − १ वर हात बसवा. तीन वेळा करायचं: ४, १४, मग १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी ०. झालं. २०४७ वर केलं तर नऊ फेऱ्यांनंतर १७३६ उरतो, ० नाही, म्हणून संयुक्त.

म साठी २९ फेऱ्या. सुरुवात ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ अशी होते. इथपर्यंत भागायची गरजच पडत नाही. पुढचा वर्ग करून २ वजा केले की २००५९५६५४६८२२७४६११४ येतात. याला म ने भागायचं म्हणजे डोकेदुखी वाटते, पण भागाकार करायचाच नाही. २^३१ ची बाकी १ आहे ना, मग या संख्येत २^३१ किती वेळा मावतात ते आणि जे उरतं ते, यांची नुसती बेरीज करायची. मावतात ९३४०९६३०७ वेळा, उरतात १८८३०५८१७८. बेरीज २८१७१५४४८५. ती म पेक्षा मोठी आहे, म्हणून म एकदा वजा: ६६९६७०८३८. हीच पुढची बाकी. द्विमान पद्धतीत तर हे आणखी सोपं, कारण संख्या ३१ व्या बिटाला कापायची आणि दोन तुकडे मिळवायचे. मर्सेन संख्यांवरचं गणित संगणकाला इतकं झटपट जमतं ते यामुळे. २^१३६२७९८४१ − १ ही २०२४ मध्ये सापडलेली संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे, आणि सापडली तेव्हा ती सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. इतक्या अंकांची संख्या हाताळता येण्यामागे या साध्या बेरजेचा मोठा वाटा आहे.

फेऱ्या पूर्ण करा आणि शेवटून दुसरी बाकी बघा. ती ६५५३६ येते, म्हणजे २^१६. तिचा वर्ग २^३२, ज्याची बाकी २. त्यातून २ गेले, ०. तिसऱ्या पायरीत ऑयलरच्या छाटणीत हाच २^१६ भेटला होता. ३१ च्या छोट्या उदाहरणातही शेवटून दुसरी बाकी ८ = २^३ होती, आणि ८ चा वर्ग ६४ ला ३१ ने भागल्यावर २ च उरतात.

पायरी ६: अलीकडच्या शेजारणीला फोडा

म − १ = २१४७४८३६४६. ही २ × (२^३० − १) आहे, आणि २^३० − १ म्हणजे (२^१५ − १)(२^१५ + १) = ३२७६७ × ३२७६९. आता सोपं आहे: ३२७६७ = ७ × ३१ × १५१ आणि ३२७६९ = ९ × ११ × ३३१. एकूण

म − १ = २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१.

दुसऱ्या पायरीतल्या बाक्यांनी सांगितलेले ७, ९, ११, ३१ सगळे इथे हजर आहेत.

या अवयवांचा उपयोग काय? कोणतीही संख्या घ्या, तिचे घात घेत जा, म च्या बाक्या लिहा. कधीतरी १ येतो आणि चक्र पुन्हा सुरू होतं. या चक्राची लांबी म − १ ला भागणारीच असते. २ चं चक्र फक्त ३१ चं आहे: १, २, ४, ८ असं करत २^३० आणि परत १. द्विमान पद्धतीत तर म च्या जगात दुप्पट करणं म्हणजे ३१ बिट एक घर डावीकडे सरकवणं आणि बाहेर पडलेला बिट उजव्या टोकाला लावणं. एकतीस वेळा केलं की संख्या होती तशी.

काही संख्यांचं चक्र मात्र पूर्ण म − १ लांबीचं असतं. त्यांचे घात घेत गेलं की १ पासून म − १ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकेकदा भेटतात. अशा संख्येला प्रिमिटिव्ह रूट म्हणतात. ते ओळखायला सगळं चक्र फिरायची गरज नाही. म − १ चा प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा, त्याने म − १ ला भागायचं, तेवढा घात घ्यायचा, आणि बाकी १ येत नाही ना ते बघायचं. आपल्याकडे वेगवेगळे मूळ अवयव सात आहेत, म्हणून सातच घात. २, ३, ५, ६ कुठे ना कुठे अडतात. ७ सगळीकडे पास होतो. तोच सर्वांत लहान प्रिमिटिव्ह रूट. एकूण अशा संख्या ५३ कोटी ४६ लाख आहेत, म्हणजे जवळजवळ दर चौथी.

दोन गोष्टी इथे एकदम मिळतात. पहिली: ७^(म−१) ची बाकी १ आणि या सात घातांची बाकी १ नाही, एवढं दाखवलं की म मूळ असल्याचा स्वतंत्र पुरावा तयार होतो. पाचव्या पायरीतला पुरावा म + १ कडून आला, हा म − १ कडून.

दुसरी गोष्ट व्यवहारातली. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये यादृच्छिक भासणाऱ्या संख्या बनवायची किमान दर्जाची म्हणून जी पद्धत सुचवली, ती याच संख्येवर उभी आहे: आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, म ने भागा, बाकी घ्या. १६८०७ म्हणजे ७^५. ५ आणि म − १ यांच्यात १ सोडून सामाईक अवयव नाही, म्हणून तोही प्रिमिटिव्ह रूट, आणि चक्र पूर्ण लांबीचं. १ पासून सुरुवात केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे आकडे येतात, आणि तुम्ही बरोबर लिहिलंत का हे तपासायला खूण अशी: १०,००० व्या गुणाकारानंतर १०४३६१८०६५ यायला हवा. गुपितं राखायला मात्र ही पद्धत अजिबात वापरू नका. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

पायरी ७: वर्ग आणि वर्गमुळं

म ला ४ ने भागल्यावर ३ उरतात. यावरून लगेच कळतं की म ही दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येणार नाही, कारण वर्गाला ४ ने भागल्यावर ० किंवा १ च उरतो आणि तशा दोन बाक्यांची बेरीज ३ होत नाही.

बाक्यांच्या जगात ० सोडून बरोबर अर्ध्या संख्या कशाचा तरी वर्ग असतात, अर्ध्या नसतात. २ असतो, हे आपण पाहिलं. ३ आणि ५ नसतात. एखादी संख्या वर्ग असेल तर तिचं वर्गमूळ काढायची पद्धत इथे अतिशय सोपी आहे: तिला (म + १)/४ घात द्या. आणि (म + १)/४ म्हणजे २^२९. म्हणजे नुसतं २९ वेळा वर्ग करत जायचं, की वर्गमूळ हजर! २ वर तपासू. २ चा २^२९ वा घात हवा. २ चं चक्र ३१ चं, म्हणून घातांकाला ३१ ने भागून बाकी घेतली तरी चालेल, आणि २^२९ ला ३१ ने भागल्यावर १६ उरतात. उत्तर २^१६ = ६५५३६. पुन्हा तोच.

पायरी ८: संख्यारेषेवर हिची जागा

इथे फार रेंगाळायचं कारण नाही, पण चार गोष्टी बघून घ्या. म ला जोडमूळ जोडीदार, म्हणजे दोनाच्या अंतरावरची मूळ संख्या, नाही: म − २ चा शेवटचा अंक ५ आहे, आणि म + २ = ३ × ७१५८२७८८३. (हा ७१५८२७८८३ स्वतः मूळ आहे.) म च्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९. अंतरं १८ आणि १२. या भागात दोन मूळ संख्यांमधलं सरासरी अंतर साधारण म च्या नैसर्गिक लॉगरिदमइतकं, म्हणजे २१.५ असतं, तेव्हा दोन्ही अंतरं सरासरीपेक्षा कमी आहेत. २ पासून मोजत आलं तर म ही १०,५०,९७,५६५ वी मूळ संख्या. म ला तिच्या लॉगरिदमने भागून अंदाज काढला तर ९ कोटी ९९ लाखांच्या थोडं पुढे येतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत.

१ ला म ने भागलं तर आवर्ती दशांश मिळतो. आवर्तन किती अंकांचं? तेच, जे १० चं चक्र. म्हणून ती लांबी म − १ ला भागते. शिवाय ५ वर्ग नाही आणि २ आहे, म्हणून १० वर्ग नाही, म्हणून लांबी सम आहे. लांबी सम असली की आवर्तनाचे दोन अर्धे एकमेकांत मिळवल्यावर सगळे ९ येतात. १/७ मध्ये १४२ आणि ८५७ यांचं जसं होतं तसंच.

आणि २^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या आहे, म्हणजे स्वतः सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज पुन्हा तीच.

एक मोह मात्र टाळा. ३, ७, ३१, १२७ मूळ आहेत, आणि २^३ − १, २^७ − १, २^३१ − १, २^१२७ − १ देखील मूळ आहेत, तेव्हा २^म − १ मूळ असेलच असं वाटतं. ती संयुक्त आहे. तिला जवळजवळ ६४ कोटी ६५ लाख अंक आहेत, तरी तिचा एक विभाजक पंधराच अंकी आहे: २९५२५७५२६६२६०३१. तिसऱ्या पायरीची अट लावून बघा: तो २ × ६८७४५ × म + १ आहे, आणि ८ ने भागल्यावर ७ उरतात.

पायरी ९: आता अशी संख्या घ्या, जिला हे सोपेपण नाही

म वर हात बसला की तिच्याच आधीची मूळ संख्या, २१४७४८३६२९, घ्या. हिच्या पलीकडची शेजारीण २ चा घात नाही, म्हणून ल्यूका-लेमर चाचणी लागू नाही आणि बाकी काढायची बेरजेची युक्तीही जशीच्या तशी चालत नाही. मिलर-राबिन २, ३, ५, ७ हे पाये घेऊन करा. इथे २ दोनदा येतो, म्हणून सुरुवातीचा घात ५३६८७०९०७, आणि बाकी १ किंवा −१ नसेल तर एकदा वर्ग करायचा. हिला ४ ने भागल्यावर १ उरतो, तेव्हा म ला जे जमलं नाही ते हिला जमतं: ही दोन वर्गांची बेरीज आहे आणि ते दोन वर्ग एकाच प्रकारे निवडता येतात. ते शोधा. मग अलीकडची शेजारीण फोडायला घ्या. सुरुवात मी करून देतो: २१४७४८३६२८ = ४ × ९ × ५९६५२३२३.